रेंजचा प्रॉब्लेम

मालकाने हात वर केले आणि जुनं प्रवासी जहाज अमिरातीतल्या रास अल खैमाच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून अडकून पडलं. समोर गावातले दिवे दिसायचे, पण कुणालाही खाली उतरायची परवानगी नव्हती. जहाजाचा हिशेब आणि कोठार सांभाळणारा पर्सर दत्तप्रसाद याच्याकडे कोठाराच्या किल्ल्या होत्या खऱ्या, पण कोठारात आता तांदूळ आणि मीठच उरलं होतं.

तिकडे रत्नागिरीला त्याच्या बायकोला, सुहासिनीला, सातवा महिना लागला होता. तिच्या जिवाला घोर नको म्हणून तो रोज व्हॉट्सअॅपवर थापा लिहायचा. "ब्राझीलला पोचलो गं. काम मरणाचं, पण जेवण फर्स्ट क्लास. आज कोळंबी होती."

ती लगेच कॉल करायची आणि तो लागायचा नाही, कारण या देशात व्हॉट्सअॅप कॉल बंदच. एरवी त्यावरून शिव्या घालणारा दत्तप्रसाद आता देवाचे आभार मानायचा. कॉल लागला असता, तर त्याच्या खोल गेलेल्या आवाजावरून तिने सगळं ओळखलं असतं.

"इथे रेंजचा प्रॉब्लेम आहे," त्याने आजही लिहिलं.



उत्तर आलं, "अहो, लग्नानंतरची सहा वर्षं शारजात काढलीत मी. मेसेज धडाधड येतात आणि कॉल तेवढा लागत नाही, तो देश कुठला हे मला नका शिकवू. खरं सांगा, आज जेवलात का?"