श्यामलाल भवनाचा फलक

तीन इमारतींचे फलक लिहून झाले आणि चौथ्यापाशी देवेंद्रचं घोडं अडलं.

सालेकस्याच्या कॉलेजात तो तासिकेवर इतिहास शिकवायचा. सोमवारी तपासणी समिती येणार होती. इमारतीला ज्याचं नाव, त्याचा जन्म, कार्य, मृत्यू, सगळं दारावर लागलं पाहिजे, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. जमलं तर पुढच्या वर्षी तास, नाहीतर रामराम.

श्यामलाल भवनाची जमीन श्यामलालची, एवढं दप्तरात होतं. मृत्यूचा रकाना कोरा.

"मले विचारा ना," निवृत्तीला टेकलेला शिपाई मंगरू म्हणाला. "त्यायच्या घरी सालदार होतो मी."

मंगरूच्या गोष्टींत वाघ बिडी मागायला यायचा. देवेंद्र हसला. "खरं सांगशील तर लिहितो, काका."

"लिवा. बहात्तर साल. पोळ्याचा दुसरा दिवस, नारबोद, सारा गाव पुतळे घेऊन शिवेवर गेलेला. मालक धान पाहाले निंगाले अन् धानाच्या बांधीतल्या विहिरीत पडले. आवाज बी नाही केला."

"कुठं आहे ती विहीर?"

"बुजवली. आपन बसून राहिलो ना, तिच्यावरच."

देवेंद्रनं नकळत पाय वर घेतले. मग लिहिलं. मंगरूनं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"एवढं का ऐकतोस?"

"कुठीतरी लिवलं गेलं, बरं झालं," मंगरू म्हणाला. वाघाच्या गोष्टीनंतर तो हसायचा, तसा हसला नाही.

सोमवारी पडदा ओढायला श्यामलालच्या बायकोला बोलावलं होतं. जीपमधून रामबाई उतरल्या. पंच्याहत्तरीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. देवेंद्रला वाटलं, ड्रायव्हरनं भलत्याच घरची म्हातारी आणली.

पडदा सरला. त्यांच्यासोबत आलेली नात रविता फलक मोठ्यानं वाचू लागली आणि विहिरीच्या ओळीपाशी येऊन थांबली.

प्राचार्यांनी देवेंद्रकडे पाहिलं. समितीनं फलकाकडे. रामबाई मात्र एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या चाचपत उभ्या होत्या.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "कोनाची तरी चूक होऊन राहिली. मी सदतीस वर्सं वाट पाहून राहिली त्यायची. कुंकू नाही पुसलं. ते त्याच नारबोदले रायपूरले गेले ना."

"तुम्हाला कोणी सांगितलं, आजी?" देवेंद्रनं विचारलं.

"सांगाले कायले पाह्यजे? हा मंगरूच तं त्यायले टेसनावर गाडीत बसवून आला होता."