आईचं तिकीट

अमेरिकेतून सलिलनं घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘आईंचं तिकीट झालं. सोळा तासांचं विमान आहे, म्हणून पार्सल पाठवलंय. आई, मोजे घालून बघ, मापात आहेत का.’

सुनेचं, क्षिप्राचं पहिलं बाळंतपण! उत्तराताईंनी डिंकाचे लाडूच वळायला घेतले. पार्सलमधली उशी मानेभोवती अडकवून, पोटऱ्या आवळणारे ते मोजे चढवून त्या रोज दुपारी डोंबिवलीच्या घरात खुर्चीवर चार-चार तास बसायचा सराव करू लागल्या. मध्येच उठून हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या, घोटघोट पाणी प्यायच्या. “पोराला माझ्या पायांची केवढी काळजी,” हे तर नवऱ्याला दिवसातून दहादा ऐकवायच्या.

रविवारी सलिलचा फोन आला. “मोजे बसले ना गं नीट? मग आता सगळं वर्तकनगरला पोचव. आई शुक्रवारी निघतायत.”

“कुठली आई?”

“अगं, क्षिप्राच्या आई! तुम्हा दोघींचं माप सारखंच, म्हणून तुला घालून बघायला सांगितलेलं. आणि हो, लाडू पण दे त्यांच्याबरोबर.”

उत्तराताईंनी चष्मा लावून तो मेसेज पुन्हा उघडला. सासूला नुसतं आई नाही, ‘अहो आई’ म्हणायचं, मान द्यायचा, हे लग्नात त्यांनीच लेकाला बजावलं होतं.



‘आईं’वरच्या मानाच्या त्या एवढ्याशा टिंबानं त्यांना विमानातून खाली उतरवलं होतं.