काम संपल्यावर

"शिलाई मशीनला पाणी लावलंत?" विमलाबाईंनी मार्सेलिनबाईंच्या हातातलं ओलं फडकं ओढून घेतलं. "पुरातून कशीबशी वाचवली, तेल घालून ठेवली, आणि तुम्ही ती परत धुतलीत?"

"माती दिसली, म्हणून पुसली गो."

विमलाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

चेण्याच्या नदीचं पाणी त्यांच्या घरात छातीएवढं शिरलं होतं. ओसरल्यावर गुडघाभर चिखल उरला. तेव्हा चर्चची माणसं टेम्पो भरून आली. फादरांनी पँट दुमडून स्वतः घमेली उचलली. पोरींनी भांडी घासली. निघताना सगळ्यांनी अंगणात उभं राहून प्रार्थना केली, तेव्हा विमलाबाईंनीही हात जोडले. देव कोणाचा का असेना, चिखल तर निघाला होता.

मग ती माणसं पुढच्या वस्तीत गेली. ही म्हातारी तेवढी येत राहिली. थेट समुद्रकाठच्या उत्तनहून, बस बदलत. गुडघे धरून खाली बसायची, पुसलेली फरशी परत पुसायची, डबे भलत्याच फळीवर लावायची. वर चर्चमधलं कसलंसं गाणं गुणगुणायची, तीही एकच ओळ. नवरा सुभाष ड्युटीवर गेला की घरात दिवसभर ह्या दोघीच. भिंतींचा कुबट वास, बाहेर पिरपिर आणि ती ओळ. आता काही काम उरलं नाही, असं विमलाबाईंनी किती वेळा सुचवून पाहिलं. म्हातारी मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

आज त्यांना राहवलं नाही. "मावशी, राग मानू नका, पण तुमच्यामुळे मला कामं दुप्पट पडतायत. घर लागलंय आता. तुमची बाकीची माणसं बघा, काम संपलं तशी गेली. तुम्हीपण घरी आराम करा."

मार्सेलिनबाई रागावल्या नाहीत. भिंतीला पाठ टेकून बसल्या.

"माना काम जमत न्हाय, ठावं हाय माना," त्या म्हणाल्या. "मागं मोठा वादल आलेला, त्यात माजा पोरगा बोट घेऊन गेलेला, तो आला न्हाय. तवा सगला गाव धावला. फादर आले. उडालेला छप्पर घातला, जेवण आणला, प्रार्थना केली. लई केला त्यांनी. मग ज्याचा त्याला काम. छप्पर अजून चांगला हाय गो. पण त्याच्याखाली एकटी बसले, तवा खरा वादल आला."

गुडघे चोळत त्या म्हणाल्या, "म्हणून फादरना सांगून ठेवलाय, तुमचा काम संपला का त्या घरी मी जाणार. नुसती बसले तर लोक म्हणतील ही कशाला आली. म्हणून फडका घेते."

 पूर आल्यापासून विमलाबाईंना जो तो एकच विचारत होता, काय काय गेलं. फ्रिज, गाद्या, धान्य, त्यांनी सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं होतं.

त्या खाली, म्हातारीच्या शेजारी बसल्या.

"पाणी चढत होतं तेव्हा मी घरात एकटीच हाका मारत होते, मावशी," त्या म्हणाल्या. "कोणीच ओ दिली नाही."

हे त्यांनी सुभाषलाही सांगितलं नव्हतं.