टायर घासतोय का?

"साहेब, आज माझ्या मुलीचं..."

"श्श! गप्प. ऐकू दे जरा."

मागे बसलेल्या भिकूने वाक्य अर्धवट सोडलं. गाडी गतिरोधकावरून दणकून खाली आली. चारुदत्तने काच उतरवून कान बाहेर काढला. मागच्या चाकांकडून काहीच आवाज आला नाही, तरी त्याचं समाधान होईना. त्याने पुन्हा गाडी वळवली. शेजारी बसलेल्या रुचाला नवऱ्याच्या या उद्धटपणाची लाज वाटली. माणूस मुलीच्या लग्नाचं बोलतोय आणि हा कान चाकाला लावून बसलाय.

गाडी चौऱ्याहत्तर सालची शेव्हरोले. चारुदत्तने ती वर्षापूर्वी रियाधहून आणली आणि तेव्हापासून सौदीतल्या जुबैलच्या त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. मूळचे टायर त्याला काडीसारखे वाटत. त्याने चांगले रुंद घातले, ते मडगार्डला घासले. त्याहून थोडे कमी रुंद घातले, तर तो एकटा असला की गाडी गप्प आणि मागे कोणी बसलं की खर्रर्र. टायरवाला जमालुद्दीन सांगून थकला, "साहब, कंपनीवाला साइज डालो, खलास." पण ऐकेल तो चारुदत्त कसला! कालच त्याने तिसरी जोडी बसवून आणली होती. उद्या जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि त्याच्या प्लांटचा मुदीर, म्हणजे साहेबांचा साहेब, कुटुंबासह या गाडीतून मिरवणार होता.

भिकू रास अल खैरच्या प्लांटमध्ये चारुदत्तच्या हाताखाली फिटर होता. राजापूरकडचा, अंगाने चांगला भरभक्कम. रुचाच्या स्वयंपाकघरातला नळ गळला की तोच येऊन दुरुस्त करायचा आणि चहाखेरीज काही घ्यायचा नाही. स्वप्नालीच्या, त्याच्या मुलीच्या, लग्नासाठी त्याने रजा मागितली होती. चारुदत्तचं एकच पालुपद, बघू. माणसं कमी आहेत, शटडाऊनची दुरुस्ती चालू आहे, बघू. रुचाने नवऱ्यामागे भुणभुण लावली होती.

म्हणून तर काल तो आपणहून म्हणाला, "उद्या कामगारांच्या कँपातल्या आपल्या माणसांना फिरवून आणू, भिकूला नक्की बोलव," तेव्हा तिला भरून आलं. उशिरा का होईना, देवाने सुबुद्धी दिली. तिने लगेच फोन केला. भिकू म्हणाला, "उद्या नको, वहिनी." तिला वाटलं, संकोच. "या हो, रजेचं मी बोलते," असं म्हणून तिने त्याला गळच घातली. पहाटे उठून कोथिंबीर वड्या केल्या.

तिघे आले. भिकू, वेल्डर हुसेनमियाँ आणि पेंटर वैभव. तिघांचेही शर्ट इस्त्रीचे. हुसेनमियाँनी अत्तर लावलं होतं. साहेबांच्या गाडीत बसायचं म्हणून तिघांनी चपला काढून हातात घेतल्या. "बरं केलंत, कार्पेट नवं आहे," चारुदत्त म्हणाला. रुचाला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं.

समुद्राकडे जायचं ठरलं होतं. चारुदत्तने गाडी गोदामांमागच्या ओसाड रस्त्यावर घातली. तिथे एकामागोमाग एक गतिरोधक. इकडून तिकडे, तिकडून इकडे. वड्यांचा डबा रुचाच्या मांडीवर तसाच.

"भिकू, तू मधे नको. उजव्या दारापाशी सरक. हुसेन, तूही त्याच्या बाजूला रेटून बस." पुन्हा गतिरोधक. "आता सगळे डावीकडे."

तिघे सरकले. भिकूने एकदा मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि नजर बाहेर वळवली.

चारुदत्तने गाडी थांबवली. खाली उतरून, गुडघ्यावर बसून मडगार्डच्या आत बोटं फिरवली आणि उडीच मारली. "नाही घासत! तिघे बसले, तिघे एका बाजूला बसले, तरी नाही घासत! आता मुदीरने सगळं खानदान आणलं तरी चिंता नाही."

रुचा खाली उतरली. "तू यांना वजन म्हणून आणलंस?"

"मग काय सिमेंटच्या गोण्या चढवू? सीट फाटेल ना!"

हे तो तिघांच्या देखत, चक्क मराठीत म्हणाला. वर हसला. रुचाला शिसारी आली. या माणसाशेजारी आपण बारा वर्षं झोपलो, याचं आडनाव लावलं, याच्या आवडीची भाजी आधी केली. तिला त्याच्या अंगावरच्या सेंटचासुद्धा वास सहन होईना. ती दोन पावलं मागे सरली.

चारुदत्तला पत्ताच नव्हता. तो खुशीत होता आणि खुशीत तो उदार होत असे. "भिकू, तुझी ती रजा घे रे. या टायरांपायी माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. आता मोकळा झालो. उद्याच निघ."

म्हणजे शटडाऊन नव्हतं, माणसंही कमी नव्हती. रुचाच्या जिभेवर नाही नाही ते आलं. तिने ते गिळलं. आता भांडून हा फिरला तर काय घ्या? निदान रजा तरी पदरात पडली. ती मागच्या दाराशी गेली.

"भिकूभाऊ, ऐकलंत ना? जा आता, लेकीच्या डोक्यावर अक्षता टाका."

भिकू चपला हातात धरून गाडीतून उतरला.

"त्या पडल्या, वहिनी," तो म्हणाला. "लगीन आज होतं. आत्ता दहा मिनिटं झाली."