शेततळ्यातले शिंपले

पाणी आणखी हातभर निवळलं होतं. मोहिनी बांधावरून वाकून तळ दिसतो का ते पाहत होती.

महिन्यापूर्वीपर्यंत सिन्नरजवळचं हे शेततळं कसं हिरवंगार होतं. शेवाळाने ठिबकचे फिल्टर तुंबायचे, म्हणून तिचा नवरा धनराज रोज त्याला शिव्या घालायचा. मोहिनी मात्र मनातल्या मनात त्याच शेवाळाला हात जोडायची. कारण त्याच्याखाली धनराजचा गाण्याचा स्पीकर पडला होता आणि तो तिनेच टाकला होता. संध्याकाळी धनराजने माईक हातात घेतला की गोठ्यातल्या गाईसुद्धा दाव्याला हिसके द्यायच्या. फक्त त्याची आई, विमलाबाई, डोळे मिटून ऐकायच्या आणि वर म्हणायच्या, "अजून एक होऊन जाऊ दे रं." माणसाने सहन तरी किती करायचं?

स्पीकर गेला तसा धनराजने शेजारच्या चिमाजीवर आळ घेतला. मग नवा आणला. महिन्याभरात तोही गायब झाला. मोहिनीने देवच पावला असं समजून नारळ फोडला, पण धनराजने चिमाजीशी बोलणंच टाकलं. चिमाजी बिचारा बांधावरून शपथा घ्यायचा, आणि मोहिनी मान खाली घालून गोठ्यात निघून जायची.

आणि आता हे शिंपले. आणले कोणी, तर तिच्या सख्ख्या भावाने. अश्विनचं नाशकात शोभेच्या माशांचं दुकान होतं. "दाजी, ही शिंपल्यांची परदेशी जात," तो म्हणाला होता. "बोटाच्या पेराएवढा जीव, पण दिवसभर पाणी गाळत बसतो. तरंगतं शेवाळ खाऊन टाकतो." गेल्या वर्षी सोडलेले ते बादलीभर शिंपले आता पाइपला, दोराला, जागा मिळेल तिथे चिकटून बसले होते आणि इमानेइतबारे पाणी गाळत होते.

मोहिनीने गुपचूप घमेलंभर युरिया पाण्यात टाकला. शेवाळ तरारलं. शिंपल्यांनी पंगतीला बसल्यासारखं तेही फस्त केलं. शेवटी तिने भावाला फोन लावला.

"अरे, पाणी असंच राहणार का आता?"

"वरून असंच. पण ऊन तळापर्यंत गेलं ना ताई, की खाली शेवाळ धरतं. तळाला चिकटलेलं ते यांना खाता येत नाही. मग सगळा तळ झाकून जातो."

"कधी? किती दिवसांत?"

ताईला विज्ञानाची एवढी गोडी कधी लागली, याचं अश्विनला फार कौतुक वाटलं. "आधी तळ दिसू तर दे!" तो म्हणाला.

रविवारी सकाळी तळ दिसला.

"आई, मोहिनी, या लवकर! पार खालपर्यंत दिसतंय!" धनराज ओरडला. त्या ओरडण्याने चिमाजीही आपल्या बांधापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे यावं की नाही, त्याला कळेना. त्याला तसं परक्यासारखं उभं राहिलेलं पाहून मोहिनीला राहवलं नाही.

"अहो, चिमाजीभाऊंनी काही चोरलं नाही. स्पीकर मी टाकला होता पाण्यात. मीच."

धनराजने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. तळाशी शिंपल्यांनी मढलेले दोन स्पीकर होते. एक कडेच्या उतारावर अडकलेला. दुसरा थेट मधोमध.

"दोन्ही?" धनराजने दोन बोटं वर केली.

"एकच हो! देवाशप्पथ. तो कडेचा."

चिमाजीने लांबूनच दोन्ही हात वर केले. "मी नाय हां, भाऊ."

विमलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पोरीच्या हातात जोर नाय," त्या म्हणाल्या. "मधला माझा."