गप्प सुई

तिसरी सुईही गप्प निघाली. जानरावनं मान सरळ केली आणि डोळे चोळले. एकाच दुपारी तीन कार्ट्रिज तपासाव्यात आणि तिन्ही जुळाव्यात, असं वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

जळगाव जामोदच्या बाजारात त्याचं रेडिओ-लाउडस्पीकरचं दुकान होतं. अडुसष्ट सालचा वैशाख तापला होता आणि लग्नसराई जोरात होती. गेल्या आठवड्यात सलग चार लग्नं त्यानं भोंग्याखाली बसून काढली होती. अंग आंबलं होतं. बोलायचाही कंटाळा आला होता. पण समोरच्या बाकावर बसलेल्या जनकाबाई संग्रामपूरहून पहिल्या बसनं आल्या होत्या. त्यांच्या मांडीवर धडप्यात गुंडाळलेली एक तबकडी होती, आणि तशी दुसरी कुठंच नव्हती.

सहा वर्षांपूर्वी नागपूरचे एक प्राध्यापक येऊन जनकाबाईंच्या मायच्या जात्यावरच्या ओव्या तिच्या आवाजात टिपून घेऊन गेले होते. मागाहून त्यांनी ही तबकडी पाठवली. वाजवायला घरात यंत्र नव्हतं, म्हणून ती ट्रंकेत राहिली. गेल्या पोळ्याला मायला लकवा झाला आणि तिची वाचा गेली. आता बदली होऊन चाललेल्या एका साहेबांकडून जनकाबाईंनी जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला होता. त्याची कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती नखाएवढी डबी, उन्हानं मेली होती.

तबकडी कारखान्यातली नव्हती. पत्र्यावर मऊ लाखेचा थर आणि त्या थरात कोरलेला आवाज. प्लेअरच्या दांडीला न जुळणारी ताठ सुई तिच्यावरून फिरली, तर ओवी वाजता वाजताच खरवडून निघाली असती. दुसऱ्यांदा ऐकायला काही उरलं नसतं.

म्हणून जानराव घाई करत नव्हता. कार्ट्रिज बसवायची. दांडीचा भार सोनाराच्या छोट्या काट्यावर जोखायचा. मग दुकानातली एक टाकाऊ रेकॉर्ड लावून पेटीचा, म्हणजे स्पीकरचा, आवाज पूर्ण बंद करायचा आणि कान सुईजवळ न्यायचा. ही त्याची स्वतःची रीत. न जुळलेली सुई पेटी बंद असली तरी बारीक आवाजात बडबडते. जुळलेली जवळजवळ गप्प असते.

"तीन-तीन डब्या पाहून झाल्या, भाऊ," जनकाबाई म्हणाल्या. "मशीन दुरुस्त करून राह्यले का पोरीले स्थळ पाहून राह्यले?"

"काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. जानरावला हसू आलं.

"स्थळच समजा, बाई. जुळलं नाही तं पोरीचीच सालटी निघतात."

उंबऱ्यावर काड्या येऊन पडल्या होत्या. सकाळपासून त्यानं दोनदा झाडल्या होत्या, वाऱ्यानं पुन्हा आणल्या. दारावरच्या पाटीमागे दर उन्हाळ्यात चिमण्या घरटं करत आणि दिवसभर डोकं उठवत. यंदा त्या आल्याच नाहीत. पलीकडे पिठाची गिरणी निघाली तशा गेल्या असाव्यात, असा त्याचा अंदाज होता. एका अर्थी बरंच झालं. थकल्या माणसाला तेवढीच शांतता.

तिन्हींत तिसरी कोरी होती. त्यानं तीच ठरवली. खात्रीसाठी टाकाऊ रेकॉर्ड पुन्हा फिरवली, पेटी बंद ठेवली, कान नेला. काही नाही. इतकी गप्प सुई त्याच्या हाताखालून कधी गेली नव्हती. मायची तबकडी घ्यायला त्यानं हात पुढे केला.

जनकाबाईंनी ती दिली नाही. छातीशी धरली.

"हे नका लावू, भाऊ. मधातली लावा. हे तं चिमणीवानी चिवचिव करून राह्यली."

"पेटी बंद हाये, बाई."

"पेटी बंदच हाये. सुई बोलते ना! मले इथं बाकावर आयकू येते. पयलीबी बोलत होती. मले वाटलं, तुमी तिले त्याच्यासाठीच काढली."

रेकॉर्ड अजून फिरत होती. जानराव खाली वाकला. कानशील दांडीला टेकेपर्यंत वाकला. मग त्यानं कान बाजूला घेतला आणि दांडीच्या टोकावर अलगद बोट ठेवलं. बोटाखाली सुई थरथरत होती, बोलत्या माणसाच्या गळ्यासारखी.

त्यानं दांडी उचलली. मग तिसरी कार्ट्रिज काढून मधली बसवली, भार पुन्हा जोखला आणि स्टुलावरून उठला.

"तुमी बसा इथं. कान लावा. बोलते का सांगा."

जनकाबाई बसल्या. पदर मागे सारून वाकल्या.

"जराशी कुजबुजते. मुंगीएवढी."

"मग हेच जुळली." तो तबकडीकडे न बघता म्हणाला, "एकदा वाजवून पाहाची काय?"

"नको. पयल्यांदा मायच आयकन."

प्लेअर बांधून, उचलून तो दारापर्यंत आला. उंबऱ्यावर पुन्हा काड्या पडल्या होत्या. वारा तर मघाशीच पडला होता. समोरच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. जानरावनं मान वर केली.

पाटीमागून चार इवल्या चोची बाहेर आल्या होत्या, आणि चारही उघड्या होत्या.