यंत्रांची झळाळी

“खंडेनवमीच्या आत मालक वाकणार,” संपाचे पुढारी जयसिंगराव म्हणाले. “यंत्रं गंजलेली ठेवून आयुधपूजा करायची छाती नाही त्याची.”

त्रेसष्ट सालचा दसरा तोंडावर आला होता. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या कारखान्याच्या बंद फाटकाबाहेर कामगार बसून होते. आत लेथ यंत्रे ओल पीत मुकी पडली होती. छपरातून ठिबकणारे पाणी सांडलेल्या तेलात मिसळून सप्तरंगी सडत होते आणि तो आंबूस वास फाटकापर्यंत येत होता.

कल्लाप्पाला त्या वासाहूनही जयसिंगरावांच्या आवाजाची शिसारी येई. दोघेही निपाणीचे, एकाच गाडीने इथे आलेले. आता हा माणूस रोज नवा डाव काढी आणि मिशीवरून बोट फिरवी. काल मालकाच्या मोटारीपुढे बायका बसवल्या. आज त्याच्या देवभोळेपणावर नेम. डाव पुष्कळ होते. लढाई कुठे नेऊन संपवायची, हे मात्र कुणी बोलत नसे.

“वाकला, तर पुढं काय, अण्णा?” कल्लाप्पाने विचारले.

“पुढचं पुढं. गंगव्वानं शिकवून पाठवलंय होय तुला?”

बायकोचे नाव निघताच माणसे हसली.

“ती कशाला शिकवेल? शेजारणीकडं स्वल्प तांदूळ मागायला गेली, तर दार उघडलं नाही, एवढंच सांगितलं तिनं.”

ही नोकरी गेली, तर बायकोला घेऊन भावाच्या उंबऱ्यावर उभे राहावे लागणार होते. त्या भावाने कल्लाप्पा निपाणी सोडताना भांडी वाटून दिली होती आणि बोलणे टाकले होते.

संध्याकाळी जयसिंगराव मालकाच्या मोटारीतून उतरले. कपाळावर ओले कुंकू, हातात प्रसादाची पुडी. विकला गेला, कल्लाप्पाला वाटले.

“सगळं कबूल,” जयसिंगराव म्हणाले. “पगारवाढ, कायम नोकरी. सही करून दिली.”

“आणि आपण काय द्यायचं?”

“काही नाही. यंत्रं घासायची, पूजा थाटात करायची. दसऱ्याला मुहूर्तावर सगळी एकदम सुरू करायची. देवाच्या नावानं मागितलं, म्हणून वाकला. आता तरी पटलं?”

कल्लाप्पाची मान खाली गेली. आता त्याला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्याने घासलेटात चिंध्या बुडवून आपले लेथ घासले. गंजाचा लालसर चिखल नखांत शिरला. गंजाखालून लोखंड उजळत गेले, तसा तो हलका होत गेला. झेंडूच्या माळा चढल्या, कुंकवाची बोटे उमटली, फाटकाशी कोहळा फुटला. मालक स्वतः प्रत्येक यंत्रापुढे हात जोडून उभे राहिले. एके ठिकाणी डाग दिसला, तेव्हा धोतराच्या सोग्याने त्यांनी तो पुसला.

“बघ,” जयसिंगराव कुजबुजले, “श्रद्धेच्या माणसाला असं धरायचं.”

दसऱ्याला सकाळी यंत्रे सुरू झाली. इतक्या दिवसांचा मुकेपणा एका घरघरीत वाहून गेला. गंगव्वाही फाटकाशी येऊन उभी होती.

मालकांसोबत पांढरी तमिळ वेष्टी नेसलेले एक पाहुणे आले होते. प्रत्येक यंत्रापाशी ते थांबत, ऐकत. कल्लाप्पाच्या लेथवर त्यांनी तळवा टेकला, डोळे मिटले.

“अडतं का कधी?” त्यांनी मोडक्या कन्नडात विचारले.

“माझ्या हातात तरी नाही, साहेब. अजून वीस वर्षं मरण नाही याला.”

पाहुणे समाधानाने हसले आणि मालकांकडे वळले.

“सरी, ठीक. चालू स्थितीत आहेत. आता बंद करून फुलं तेवढी उतरवायला सांगा. लॉऱ्या फाटकाशी आल्यात, उद्या सगळी कोइमतूरला पोचली पाहिजेत.”